शनीजवळचा दाणा

अकोल्याच्या एमआयडीसीत इंदूबाई तायडेच्या नजरेबद्दल जेवढ्या गोष्टी सांगतात, त्यातल्या निम्म्या खोट्या आहेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मुकादमाच्या अंगठीतून पडलेला खडा तिनं चालत्या पट्ट्यावरून, सात पोती मुगाच्या डाळीतून उचलून दिला, ही गोष्ट खरी. अंधारात तिला तूर आणि हरभरा वेगवेगळा दिसतो, ही खोटी. अंधारात कुणाला काय दिसतं, डोंबल! पण लोक एकदा कौतुक करायला लागले की थांबतात थोडेच.

कौतुक करण्यासारखी नजर होती मात्र. सव्वीस वर्षं तिनं एकाच डाळमिलमध्ये डाळ निवडली. रबरी पट्टा चालतो, त्यावरून डाळ वाहते, दोन्ही अंगांना बाया बसतात आणि खडा, करपलेला दाणा, दुसऱ्या जातीचा दाणा टिपून काढतात. बाकीच्या बाया डोळे फाडून पट्ट्याकडं बघायच्या. इंदूबाई शेजारच्या शकुनशी बोलायची, चहा प्यायची, सुनेच्या भाजीला नावं ठेवायची, आणि बोलता बोलता हात पुढं जाऊन दाणा उचलून आणायचा. "डोये फाडून पाहाचं नसते वं," ती नव्या बायांना सांगायची. "जो दाना अठचा नाई, तो सोताच सांगते."

तीन वर्षांपूर्वी मिलमध्ये रंग ओळखणारी मशीन आली. चाळीस बायांचं काम ती एकटी करायला लागली आणि चाळीस बाया घरी गेल्या. चार ठेवल्या, मशीनमधून बाहेर पडलेल्या डाळीवर शेवटची नजर टाकायला. म्हणजे मशीनच्या चुका काढायला, आणि इंदूबाई रोज दोन-चार काढायचीच. मुकादम पंजाबराव हसून म्हणायचा, "तुमचं अन् या मशीनचं सासू-सुनेवानी आहे." चार बाया ठेवल्या त्याच दिवशी तिनं सगळ्यांसमोर बोलून टाकलं होतं, "ज्या दिवशी माह्या नजरेतून दाना सुटला, त्या दिवशी मी सोता उठीन. मले कोनी उठवाची गरज नाई."

बाई शब्दाची पक्की. आणि हा शब्द तिनं तोऱ्यात दिला असं लोकांना वाटलं, पण त्यामागं भीती होती. तिची आई पन्नाशीतच आंधळी झाली होती. हळूहळू, कडेकडेनं, कुणाला कळू न देता. आधी सुईचं नाक दिसेना, मग ज्वारीतला खडा, मग उंबरठा. डॉक्टरकडं नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, आता आणून काय उपयोग? इंदूबाईला आता अठ्ठावन्नावं लागलं होतं. रोज सकाळी उठल्या उठल्या ती भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारकी अक्षरं बघायची. वाचता यायची नाहीत सगळी, पण दिसायची. दिसली की मग चुलीकडं जायची.

आता दुर्बिणीचं सांगतो. इंदूबाईची सून प्रियदर्शनी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. अमरावतीचे एक निवृत्त प्राध्यापक मुलीकडं राहायला निघाले, तेव्हा त्यांनी आपली सहा इंची आरशाची दुर्बीण आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक तिच्या शाळेला देऊन टाकलं. इंदूबाईचा मुलगा संघपाल एसटीत ड्रायव्हर, अमरावती-अकोला गाडीवरच. त्यानं ते धूड मागच्या सीटवर आडवं घालून आणलं. कंडक्टर म्हणे, "तायडे, हे तोफ कोनावर डागाची आहे?" शाळेच्या खोलीचं छत गळत होतं, म्हणून दुरुस्ती होईस्तोवर तोफ तायड्यांच्याच गच्चीवर राहिली.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. संध्याकाळचे साडेसात. प्रियदर्शनीनं खालून हाका मारमारून सासूला वर बोलावलं. इंदूबाई कुरकुरत जिना चढली. "मले काय दाखवतं? दिवसभर पाहूनच तं राहिली मी." तिनं एक डोळा मिटला आणि दुसरा काचेला लावला.

काळ्याभोर जागेत एक पिवळसर मणी होता, आणि त्याच्या आरपार उजेडाची बारीक सुई. शनी. त्याचं कडं त्या वर्षी आडवं आलं होतं, म्हणून सुईसारखं दिसत होतं. इंदूबाईनं नळीच्या तोंडापुढं हात धरला. मणी गेला. हात काढला. मणी आला. पुन्हा एकदा करून बघितलं.

"बाप्पा!" ती म्हणाली. "हे खरंच तठी हाय?"

"आहे ना आई."

"आत्ता?"

"आत्ता तुमाले दिसून राहिला तो उजेड तिथून निघाला, त्याला सव्वा तास झाला. एकशे तीस कोटी किलोमीटर आहे ते. यायला वेळ लागतो."

इंदूबाईनं मनात हिशेब केला. सव्वा तासापूर्वी म्हणजे सुट्टी झाली तेव्हा. "म्हन्जे मी मिलच्या नळावर हात धूत होती, तवा हा तठून निंगाला? माह्या डोयात याले?"

"हो."

इंदूबाई खाली येऊन जेवली. भाजी अळणी झाली होती, तरी नावं ठेवली नाहीत. संघपालनं बायकोला हळूच विचारलं, "आईची तब्येत बरी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी मिलमधून आल्यावर न सांगता ती गच्चीवर गेली. तिसऱ्याही दिवशी. शनीच्या आसपास बारीक बारीक ठिपके होते. तिला काय, तो पसरलेल्या डाळीचा पट्टाच दिसला. चित्र काढायला तिला येत नव्हतं. मग ती खाली येऊन स्वयंपाकघरातल्या काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर मधोमध हरभऱ्याचा दाणा ठेवायची, तो शनी, आणि भोवती तांदळाचे दाणे मांडायची, जिथं जिथं ठिपका दिसला तिथं तिथं. अंतराअंतरासकट, डोळ्यांपुढचं ताट उचलून आणावं तसं. सकाळी ओटा पोळ्यांना लागायचा, म्हणून प्रियदर्शनी रात्रीच मोबाइलवर फोटो काढून ठेवायची. सुरुवातीला तिनं हे सासूचं मन राखायला केलं. खोटं कशाला बोला!

पाचव्या दिवशी इंदूबाई ओट्याशी थबकली. "प्रिया, अठी ये. कालचा फोटो दाखव. परवाचाही दाखव."

प्रियदर्शनीनं दाखवले.

"हे सबन दाने रोज थोडे थोडे सरकून राहिले, पाह्य. सबन एकाच अंगाले." तिनं बोट ठेवलं. हरभऱ्यापासून वीतभर लांब एक तांदूळ होता, सगळ्यांपासून वेगळा. "हा नाई सरकला. मोठा जिकडे, हा तिकडे. हा दाना त्या गर्दीतला नाई. हा त्या मोठ्याचा आहे."

प्रियदर्शनीनं सगळे फोटो पुन्हा मागंपुढं करून पाहिले. शनी ताऱ्यांमधून रोज थोडा चालतो, म्हणून बाकीचे तारे मागं सरकल्यासारखे दिसतात, हे ती मुलांना शिकवत होती. पण त्याच्याबरोबर चालणारा ठिपका म्हणजे त्याचा चंद्र. जवळ दोन होते, ते तिलाही दिसत. इतक्या लांब? तिनं प्राध्यापकांचं पुस्तक काढलं, मागचे तक्ते धुंडाळले. होता. नाव आयापेटस. शनीपासून पस्तीस लाख किलोमीटर, एक फेरी एकोणऐंशी दिवसांची.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही शनीचा चंद्र पाहिला. मी तिथं दहा वेळा पाहून राहिली, मला वेगळा काढता येत नाही."

"एवढासाच आहे काय वं तो?"

"शनीपुढं एवढासाच. पण या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजला तर अकोल्यापासून पार काश्मीरपर्यंत जाईल."

इंदूबाई ओट्यावरच्या त्या तांदळाकडं बघत राहिली. अकोला ते काश्मीर. आणि तिनं तो दाणा टिपला होता, मिलमधून आलेल्या, चहा पिऊन थकवा घालवलेल्या डोळ्यांनी. तिच्या अंगावर काटा आला. तिनं हात पुढं करून सुनेला दाखवलासुद्धा, "पाह्य, पाह्य."

नंतरचा महिना त्या घरात विचारू नका. आयापेटस हे नाव इंदूबाईनं कधी घेतलं नाही, "ते तुह्या शाळेतच ठेव" म्हणाली. तिच्या लेखी तो दाणा. गच्चीवर जायच्या आधी ती डोळ्यांवर गार पाणी मारायची. पौर्णिमेला विहारात वंदनेला बसली तरी मनात तेच, की आपण इथं बसलोय आणि तो तिथं फिरतोय, कुणी बघो न बघो, केव्हापासून! मिलमध्ये शकुनला तिनं एवढं सांगितलं की शकुन शेवटी म्हणाली, "माय, तुह्या त्या दान्याले एकदा जेवाले बोलाव."

दाणा रोज थोडा शनीकडं सरकत गेला. फिका होत गेला. मग शनीच्या उजेडात बुडाला. "आता तो दुसऱ्या अंगाला निघेल," प्रियदर्शनीनं सांगितलं. एकोणऐंशीची निम्मी, म्हणजे पहिल्या दिवसापासून चाळिसाव्या दिवशी तो पलीकडच्या टोकाला, तेवढाच लांब दिसायला हवा होता.

चाळिसाव्या दिवशी इंदूबाईनं पलीकडचं टोक बघितलं. नव्हता. एकेचाळिसाव्या दिवशी नव्हता. चव्वेचाळिसाव्या दिवशी तिनं अर्धा तास डोळा हलवला नाही, डोळ्यातून पाणी वाहायला लागलं, तरी नव्हता.

"ढग असतील, आई. धूळ असेल. पुस्तकात चुकलं असेल."

"बाकी दाने दिसून राहिले ना. फक्त बारका गेला." तिचा आवाज अगदी सपाट होता. "आधी बारकंच जाते. तुले दिसते काय?"

प्रियदर्शनीला तो आधीसुद्धा कधी नीट दिसला नव्हता. तिनं सासूच्या तांदळावरच विश्वास ठेवला होता. म्हणजे त्या दाण्याला साक्षीदार एकच, इंदूबाईचे डोळे, आणि आता त्या डोळ्यांवरच इंदूबाईचा विश्वास उडाला होता. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, चंद्रच कुठं गेला असेल. पण सव्वीस वर्षं डाळ निवडलेली बाई असं म्हणायची नाही. पट्ट्यावर दाणा हरवत नसतो. दिसला नाही तर नजर चुकली, दाण्याचा दोष नाही. हे तिनं शंभर पोरींना शिकवलं होतं, आणि एकदोघींना त्यावरून रडवलंही होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊ म्हटलं तर ती संतापली. "तो काय सांगन ते मले मालूम आहे. माह्या मायले सांगतलं तेच."

त्यात शकुननं भर घातली. "शनीकडं टक लावून पाहाचं असते काय? साडेसाती लावून घेतली तुनं."

"साडेसाती?" इंदूबाई एवढ्या जोरात ओरडली की पट्ट्यापलीकडच्या बाया वळल्या. "ते माह्या बापानं छप्पन सालीच नागपूरले सोडून देल्ली! मले नको सांगू." ओरडली खरी, पण घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. साडेसातीचं तिला काही नव्हतं. आईचं होतं. उंबरठा चाचपडणारा आईचा पाय तिला दिसत होता.

मिलमध्ये आता तिचं बोलणं बंद झालं. ती डोळे फाडून पट्ट्याकडं बघायला लागली. दाणा दिसला तरी बोटानं चाचपून बघायची. काम मागं पडायला लागलं. पंजाबराव दोनदा येऊन नुसता उभा राहून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिनंच सांगितलं, "भाऊ, शनवारी माहा शेवटचा दिवस. दुसरी बाई पाहून ठेवा."

"काहून? मजाक करून राहिल्या काय इंदूबाई?"

"माही नजर गेली."

पंजाबरावानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. इतकी वर्षं बायांना दटावून घशाला कोरड पडलेला माणूस. "शनवारी पाहू," एवढंच म्हणून गेला.

शनिवारी पट्ट्यावर अख्खे काळे उडीद होते. इंदूबाई धुवट पांढरं लुगडं नेसून, शेवटचा दिवस म्हणून वेळेआधी येऊन बसली होती. अकराच्या सुमाराला तिला उडदात पांढरं काहीतरी चमकलेलं दिसलं. खडा! हात गेला. बोटं पोचेपर्यंत काही नाही. काळ्या उडदात नुसते काळे उडीद. आणि नेमकी तेव्हाच लाइन गेली, पट्टा थांबला.

सुटला. सगळ्यांसमोर, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, दाणा नजरेतून सुटला. आता उठायचं, शब्दाप्रमाणं. ती उठणारच होती, पण जायच्या आधी तो कुठं गेला हे तरी बघावं म्हणून तिनं थांबलेल्या पट्ट्यावर बोट फिरवलं. एक काळा दाणा बोटाला लागून उलटला.

पांढरा झाला.

तिनं तो बोटानं परत उलटला. काळा. परत उलटला. पांढरा. फुटलेल्या उडदाची अर्धी डाळ. एका अंगाला काळं साल, दुसऱ्या अंगाला पांढरा गर. पट्ट्याच्या हादऱ्यानं ती तिच्या डोळ्यांदेखत पालथी पडली होती, बस्स. अख्ख्या जन्मात तिनं असे लाखो दाणे पाहिले असतील. कुठं गेला नव्हता तो. तिथंच होता, फक्त काळं अंग वर करून.

"अगं माय!" इंदूबाई म्हणाली. आणि मग एकदम मोठ्यानं, "अगं माय वं माय!"

शकुन घाबरून उठली. इंदूबाईनं तो दाणा मुठीत धरला आणि पंजाबरावाकडं गेली. "भाऊ, मले अर्ध्या दिवसाची सुट्टी द्या."

"आज तं तुमचा शेवटचा दिवस ना?"

"ते मंग पाहू!"

शनिवारी शाळा सकाळची असते. प्रियदर्शनी नुकतीच घरी येऊन पाय धूत होती. इंदूबाई दारातूनच म्हणाली, "प्रिया, तो दाना एका अंगानं काया आहे काय?"

"कोण?"

"माहा दाना! चंद्र!" तिनं मुठीतली डाळ सुनेच्या ओल्या हातावर ठेवली, उलटली, पालटली. मग तेवढ्यानं भागेना. तिनं बैठकीच्या मधोमध खुर्ची ठेवली. "हा शनी. तू तठी दारात उभी राह्य. तू म्हन्जे आपन, गच्चीवरून पाहनारे." खुंटीवरची संघपालची काळी शाल घेतली, आपल्या एकाच खांद्यावरून हातावर सोडली. दुसरा खांदा पांढऱ्या लुगड्याचा. आणि खुर्चीकडं तोंड करून, तोंड न फिरवता, शालीचा खांदा पुढं घालत, आडवी आडवी चालत ती खुर्चीभोवती फिरायला लागली. "आपला चंद्रही आपल्याले एकच तोंड दावते, असं तूच सांगतलं होतं ना? तसंच हा शनीले दावत असन. पाह्य आता. अठून मी तुह्याकडे येऊन राहिली, तुले काय दिसते?"

"शाल. काळं."

"अन् तिकडून तुह्यापासून दूर जाऊन राहिली तवा?"

प्रियदर्शनी दारात उभी राहून बघत होती. सासू खुर्चीच्या एका अंगाला आली की नुसती काळी शाल. दुसऱ्या अंगाला गेली की नुसतं पांढरं लुगडं. "पांढरं," ती म्हणाली. सहा फेऱ्या झाल्या तरी इंदूबाई थांबत नव्हती, तिला चक्कर येईल म्हणून शेवटी हात धरून थांबवावं लागलं.

मग जाडं पुस्तक निघालं. या वेळी तक्ते नव्हे, त्या चंद्राचं पान. प्रियदर्शनी इंग्रजी वाचत होती, मराठीत सांगत होती. एक बाजू डांबरासारखी काळी. दुसरी बर्फासारखी पांढरी. शनीकडं कायम एकच तोंड. म्हणून एका टोकाला दिसतो, दुसऱ्या टोकाला इतका अंधूक होतो की लहान दुर्बिणीतून सापडत नाही.

"आई, तुमचे डोळे चांगले आहेत," ती म्हणाली. "तिथं काही दिसत नाही, हे तुम्ही अगदी बरोबर पाहिलं."

इंदूबाई खुर्चीत बसली, जिथं थोड्या वेळापूर्वी शनी होता, आणि हमसून हमसून रडली. लाजली नाही, लपवलं नाही. आठ दिवस छातीवर ठेवलेला धोंडा होता तो. प्रियदर्शनी तिच्या पायाशी बसून तिच्या गुडघ्यावर हात ठेवून राहिली, आणि तिचेही डोळे कोरडे नव्हते.

संध्याकाळी दोघी गच्चीवर गेल्या. इंदूबाईनं शनी धरला आणि मग नळी हळूच पलीकडच्या टोकाकडं नेली. तिथं काही नव्हतं. नुसता काळोख. त्या काळोखाकडं ती अशी बघत राहिली की प्रियदर्शनीला वाटलं, हिला खरोखरच दिसतोय की काय. काश्मीरपर्यंत पसरलेला तो काळा गोळा, या क्षणी तिथं, आवाज न करता, आपल्या वाटेनं चाललेला. इंदूबाईचा हात आपोआप छातीशी गेला.

"पुस्तकात आणखी एक होतं," प्रियदर्शनी म्हणाली. "साडेतीनशे वर्षांपूर्वी पॅरिस शहरात एका माणसानं हा शोधला. त्यालाही एकाच बाजूला दिसायचा. त्यानंही तुमच्यासारखंच ओळखलं, की एक अंग काळं असणार. पण काळ्या बाजूला त्याला तो प्रत्यक्ष दिसायला मोठी दुर्बीण लागली. चौतीस वर्षं गेली त्यात."

"चौतीस?" इंदूबाईनं डोळा काचेवरून काढला. मिलमध्ये तिची सव्वीस वर्षं झाली होती. चौतीस म्हणजे केवढी, ते तिला कळत होतं. ती कठड्याला धरून उभी राहिली.

"प्रिया, पह्यल्या खेपी दिसला नसन, तवा त्यालेही वाटलं असन काय वं, का आपलेच डोये गेले म्हून?"

"ते नाही लिहिलेलं, आई."

"नाईच लिवत कोनी ते," इंदूबाई म्हणाली, आणि पदरानं काच पुसून तिनं पुन्हा डोळा लावला.